वाडीच्या खुणा, वाडीचा इतिहास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेशीजवळचा कोरीव दगड, गाळाने भरलेली बारव, नाव कुणालाच आठवत नाही असा एखादा पार. असे फोटो आमच्याकडे येतात आणि सोबत प्रश्नही येतात. वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या गावांपुरती आहेत.

१. आमची वाडी जेमतेम तीस-चाळीस उंबऱ्यांची. कुठल्याच पुस्तकात तिचं नाव नाही. तिचा इतिहास शोधायला सुरुवात कुठून करायची?

म्हाताऱ्या माणसाबरोबर शिवार फिरण्यापासून. कचेरी नंतर, कागद नंतर. वाडीतलं सर्वांत वयस्कर माणूस, ज्याला अजून चालवतं, त्याच्यासोबत एक दिवस काढा आणि प्रत्येक शेताचं, ओढ्याचं, खडकाचं नाव लिहून घ्या. 'पागेचं रान', 'चोरखिंड', 'बाजारतळ', 'कुंभारखाणी', 'इनामाचा मळा', 'तळ्याची पट्टी' अशी नावं उगाच पडत नाहीत. तळं आज नसेल, पण नाव आहे म्हणजे ते कधीतरी होतं. जमिनींचं एकत्रीकरण झालं, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले आणि नवी पिढी 'गट एकशेबारा' म्हणू लागली. शेतांची नावं आता फक्त तोंडात उरली आहेत, तीही साठी-सत्तरीच्या पुढच्या माणसांच्या. आम्हाला सगळ्यात जास्त घाई वाटते ती याचीच. दगड अजून शंभर वर्षं थांबेल, नावं थांबणार नाहीत.

बायकांनाही विचारा. पाणवठ्यांची, सातीआसरांच्या (पाण्याच्या देवतांच्या) जागांची, सरपणाच्या वाटांची नावं पुरुषांपेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतात. सासुरवाशिणीला माहेरच्या शिवाराचीही माहिती असते, म्हणजे एका बैठकीत दोन गावं हाती लागतात.

पुस्तकांचं म्हणाल, तर मुंबई इलाख्याची जुनी गॅझेटिअरं (जिल्हावार माहितीचे सरकारी ग्रंथ) जरूर पाहा: रत्नागिरी १८८०, ठाणे १८८२, नाशिक १८८३, सोलापूर १८८४, पुणे आणि सातारा १८८५. त्यांत तुमची वाडी बहुधा नसेल. पण जवळचा घाट, आठवडी बाजार, नदीचा उतार किंवा शेजारचं मोठं गाव सापडेल, आणि वाडी त्यांच्याच आधाराने वसलेली असते.

२. वाडी, वस्ती, पाडा, तांडा, मजरे, मौजे… यांत नेमका फरक काय?

मौजे म्हणजे महसुलाच्या हिशेबातलं स्वतंत्र गाव. कसबा म्हणजे बाजारपेठ आणि परगण्याचा (जुन्या काळच्या तालुक्यासारख्या भागाचा) कारभार असलेलं गाव. मूळ गावातून फुटून जवळच वसलेली, पण कागदोपत्री त्याच गावाला जोडलेली वस्ती ती मजरे. वाडी हा बोलीतला शब्द आहे. काही वाड्या आज स्वतंत्र महसुली गावं आहेत, काही मूळ गावाच्या पोटात आहेत. कोकणात एका गावाच्या दहा-बारा वाड्या असणं नेहमीचंच. पाडा ठाणे-पालघर-नंदुरबारकडचा, बहुतेक आदिवासी वस्तीचा. तांडा बंजाऱ्यांचा. पूर्व विदर्भात टोला म्हणतात.

शोधाच्या दृष्टीने एकच गोष्ट महत्त्वाची: तुमची वाडी ज्या महसुली गावात मोडते त्याचं नाव आधी पक्कं करा. जुना प्रत्येक कागद त्या नावाखाली असतो. गावाच्या नावापुढे 'तर्फ अमुक' (तर्फ म्हणजे परगण्याचा पोटभाग) असं लिहिलेलं दिसलं तर तेही टिपून ठेवा, कारण जुन्या दप्तरात गावं तर्फ आणि परगण्यांच्या क्रमाने लावलेली असतात.

३. आमचं गाव 'खुर्द' आहे, पण पलीकडच्या 'बुद्रुक'पेक्षा मोठं आहे. नाव चुकलंय का?

नाही. खुर्द म्हणजे लहान आणि बुद्रुक म्हणजे मोठं ('बुजुर्ग'वरून), दोन्ही शब्द फारसीतून आलेले. नावं पडली तेव्हाचा लहान-मोठेपणा त्यांत गोठून राहिला. पुढे रस्ता, पूल किंवा साखर कारखाना खुर्दच्या बाजूला आला की उलटापालट होते. शिक्क्यांवर दिसणारे 'खु॥' आणि 'बु॥' ही त्यांचीच छोटी रूपं.

४. जुनी माणसं 'काळीत' आणि 'पांढरीत' असं बोलतात. पांढरीत राखेसारखी माती आणि खापरं निघतात. ते काय आहे?

काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पिढ्यान् पिढ्या माणसं एका जागी राहिली, मातीची घरं पडली, त्यांवर नवी उठली, चुलीची राख आणि शेण साचत गेलं, की तिथली माती पांढुरकी होते आणि जमिनीला उंचवटा येतो. गावाबाहेर असं पांढरीचं टेकाड असेल तर तिथे आधी वस्ती होती. शिरूर तालुक्यातलं इनामगाव हे असंच एक ठिकाण. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तिथे बरीच वर्षं उत्खनन केलं आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं, चुली, धान्याची कोठारं आणि दफनं उजेडात आली.

प्रत्येक पांढर तेवढी जुनी नसते. काही गावं दुष्काळात किंवा रोगराईत उठली आणि दोन-तीनशे वर्षांपूर्वी बेचिराख झाली. खापरं गोळा करून घरी नेऊ नका. कुठल्या थरात काय होतं यावरच त्यांचा काळ ठरतो, आणि थर मोडला की खापर मुकं होतं.

५. मारुतीच्या देवळामागे एक उभा दगड आहे, त्यावर भांडणारी माणसं आणि वर पिंड कोरली आहे. हा कुठला देव?

देव नाही, तो तुमच्या गावचा माणूस आहे. याला वीरगळ म्हणतात. लढताना मेलेल्याचं स्मारक. वाचायचा तो खालून वर. सर्वांत खालच्या चौकटीत त्याचं मरण असतं: लढाई, किंवा आडवा पडलेला वीर. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करत बसलेला असतो, म्हणजे कैलासाला पोचला. माथ्यावर चंद्र, सूर्य आणि कलश. चंद्र-सूर्य असेपर्यंत त्याचं नाव राहो, हा त्यामागचा भाव.

खालच्या चौकटीकडे नीट पाहा, गोष्ट तिथे आहे. गाई कोरल्या असतील तर तो गावची जनावरं हाकून नेणाऱ्यांशी लढला. घोडा असेल तर स्वार. बोरिवलीजवळच्या एकसर गावच्या वीरगळांवर तर वल्ह्यांची जहाजं कोरली आहेत, कारण ती माणसं समुद्रावर लढली. वाघाशी किंवा रानडुकराशी झुंजणारा माणूस असलेले दगडही सापडतात.

असाच एक दगड आम्ही विहिरीच्या काठावर आडवा पडलेला पाहिला. पिढ्यान् पिढ्या त्यावर धुणं आपटून वरची बाजू गुळगुळीत झालेली. दुपारी पाहिला तेव्हा नुसताच दगड. संध्याकाळी ऊन तिरपं झालं आणि काठाशी पाच गाई उमटल्या, एकामागे एक, शेवटचीची मान मागे वळलेली. धुणं धुणाऱ्या आजी हातातलं थांबवून बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनीच पोरांना बोलावून तो दगड उभा करवला.

बहुतेक वीरगळांवर अक्षर नसतं, त्यामुळे नाव कळत नाही. काळ साधारण यादव-शिलाहार राजांच्या आगेमागे सुरू होतो आणि नंतरची कित्येक शतकं असे दगड उभे केले गेले. फक्त दगडाकडे बघून 'बाराव्या शतकातला' असं ठोकून देऊ नका.

६. दुसऱ्या एका दगडावर कोपरात वाकलेला बांगड्यांचा हात आहे. त्याची आम्ही पूजा करतो.

ती सतीशिळा. हातातल्या बांगड्या सौभाग्याच्या, आणि वर पुन्हा चंद्र-सूर्य. पुष्कळदा ती वीरगळाच्या शेजारीच असते, कधी एकाच दगडावर दोन्ही कोरलेले असतात. गावचा इतिहास म्हणून तिची नोंद करा, जपा. पण फलकावर किंवा भाषणात त्या प्रथेचा गौरव होईल असं काही नको. १९८७ च्या कायद्याने सतीच्या उदात्तीकरणाला बंदी आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, जिच्यावर ती वेळ आली तिचा विचार करून लिहा.

७. एका दगडावर गाढव आणि बाई असं घाणेरडं चित्र आहे. काढून टाकावं का?

काढू नका. तो बहुधा तुमच्या गावातला सर्वांत जुना सरकारी कागद आहे, दगडावरचा. याला गधेगाळ म्हणतात. राजाने जमीन किंवा उत्पन्न दान दिलं की दगड रोवला जाई. वर चंद्र-सूर्य, मधे दानाचा मजकूर, आणि खाली हे दान मोडणाऱ्याच्या आईला उद्देशून दिलेली शिवी. वाचता न येणाऱ्यालाही धाक बसावा म्हणून ती चित्रातून. शिलाहारांच्या मुलखात, म्हणजे कोकणात, हे दगड विशेष आढळतात. मजकूर झिजून जातो आणि चित्र तेवढं उरतं, म्हणून गैरसमज होतो. काही गावांत त्यालाच शेंदूर लावून देवी मानतात.

असल्या दगडांना कमी लेखू नका. अलिबागजवळच्या आक्षी या छोट्या गावातला, शके ९३४ म्हणजे इ.स. १०१२ असा वाचला गेलेला शिलालेख मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत गणला जातो (काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत). त्यात आहे काय, तर देवीसाठी नेमून दिलेलं नऊ कुवली धान्य. एवढ्याशा गोष्टीने आक्षीला मराठीच्या इतिहासात जागा मिळाली.

८. आमचं महादेवाचं देऊळ हेमाडपंती आहे. पांडवांनी एका रात्रीत बांधलं म्हणतात. नेमका काळ कसा ठरवायचा?

'हेमाडपंती' या शब्दाने काळ ठरत नाही. हेमाद्री हा तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा प्रधान. पण त्याच्या नावाने ओळखली जाणारी, चुना न वापरता दगडावर दगड बसवलेली देवळं त्याच्या आधीपासून बांधली जात होती. अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे १०६० चं. हेमाद्रीच्या दोनशे वर्षं आधीचं. खांबांची घडण, शिखराचे अवशेष, द्वारशाखा (दाराची कोरीव चौकट) यांचे फोटो जाणकाराला दाखवले तर शतकाचा अंदाज मिळतो.

पांडवांच्या गोष्टीचा अर्थ एवढाच की देऊळ कुणी बांधलं ते गावाला आठवत नाही इतकं ते जुनं आहे. गोष्ट लिहून ठेवा, पण 'आख्यायिका' म्हणून.

९. गावात पायऱ्यांची विहीर आहे. सगळे म्हणतात अहिल्याबाईंनी बांधली. खरं का?

खरंही असू शकतं. अहिल्याबाई होळकरांनी १७६७ ते १७९५ या काळात देशभर घाट, विहिरी, देवळं बांधली. पण महाराष्ट्रातली प्रत्येक बारव त्यांच्या नावावर टाकली जाते, आणि त्यात दुसरी कितीतरी माणसं पुसली जातात. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर पाहा. तिचं काम शके १६४१ ते १६४६ (इ.स. १७१९ ते १७२४) या काळात विरूबाई भोसले यांनी करवलं. तिथे तसा शिलालेख आहे म्हणून आपण नाव घेऊ शकतो.

तर आधी लेख शोधा: पायऱ्यांच्या बाजूच्या भिंतीत, कमानीच्या माथ्यावर, देवकोष्ठाच्या (मूर्तीच्या कोनाड्याच्या) खाली. लेख नसेल तर बारवेचा प्रकार लिहा. एक वाट आत जात असेल तर नंदा, दोन असतील तर भद्रा, तीनला जया आणि चारला विजया अशी शास्त्रातली नावं आहेत. देवकोष्ठं किती, त्यांत मूर्ती कोणत्या, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं, हेही लिहा. मोटेची विहीर असेल तर थारोळं (मोटेचं पाणी पडायची जागा) आणि बैलांची धाव अजून दिसते का ते बघा. काठाच्या दगडाला नाड्याने पडलेली खाच बोटाने चाचपून पाहा. किती वर्षं पाणी उपसलं ते ती खाच सांगते.

१०. गावाबाहेरचा तलाव शिवकालीन असल्याचं ऐकतो. कसं तपासायचं?

आधी गावातल्या पंच्याहत्तरीच्या माणसाला विचारा की त्या बांधावर त्याने स्वतः माती वाहिली होती का. हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो, पण महाराष्ट्रातले कितीतरी पाझर तलाव आणि गावरस्ते १९७२ च्या दुष्काळातल्या कामांवरचे आहेत. त्याच अनुभवातून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला. बहात्तर सालचा तलाव शिवकालीनपेक्षा कमी मोलाचा मानू नका. खडी फोडणाऱ्या बाया, सुकडीचं वाटप, कामावरच झालेली बाळंतपणं, हे सगळं सांगणारी माणसं अजून आहेत. त्यांचं बोलणं आजच रेकॉर्ड करा.

११. गढी ढासळत चालली आहे. ती कुणाची, आणि एवढी भक्कम भिंत पडतेच कशी?

गढी म्हणजे पाटलाची, देशमुखाची किंवा जहागीरदाराची तटबंदीची हवेली. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर पांढऱ्या मातीच्या जाड भिंती. माथ्यावरून पावसाचं पाणी आत शिरलं की माती सुटते. दुसरं कारण माणसांचं: पांढरी माती पाणी खाली झिरपू देत नाही म्हणून धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरांवर पसरायला लोक ती गढीवरून आणत. म्हणजे गढी पडली ती थोडी थोडी गावाच्या छपरांवर गेली. कुणाची, ते वतन-इनामाच्या कागदांत मिळेल (प्रश्न १५).

१२. आमचा मारुती समर्थांनी स्थापन केलेला आहे, पण यादीत नाव नाही.

समर्थ रामदासांचे म्हणून प्रसिद्ध अकरा मारुती आहेत: शहापूर, मसूर, चाफळचे दोन, शिंगणवाडी, उंब्रज, माजगाव, बहे, मनपाडळे, पारगाव आणि शिराळे. याशिवाय समर्थांच्या शिष्यपरंपरेतही मारुती बसवले गेले, त्यामुळे दावा लगेच खोटा ठरत नाही. मात्र वेशीवर मारुती असणं ही गावोगावची रीत आहे, त्यासाठी समर्थांचंच नाव हवं असं नाही.

१३. दगडावर अक्षरं आहेत पण वाचता येत नाहीत. फोटो कसा काढायचा?

आधी काय करायचं नाही ते: खडू फिरवू नका, रंग भरू नका, तारेच्या ब्रशने घासू नका. साधं पाणी आणि मऊ कुंचला पुरे. अंधार पडल्यावर एकाने दगडाच्या अगदी कडेला बॅटरी धरायची, प्रकाश दगडावरून सरपटत गेला पाहिजे. दुसऱ्याने समोरून फोटो घ्यायचा. बॅटरी डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून, असे चार फोटो काढा. शेजारी मोजपट्टी ठेवा. दिवसा ज्या दगडावर काहीच नाही असं वाटतं त्यावर रात्री ओळी उभ्या राहतात. मग पूर्ण दगडाचा आणि आजूबाजूच्या जागेचाही फोटो घ्या, नाहीतर तो कुठला हेच पुढे कळत नाही.

१४. लेखात 'शके', कागदात 'सन अर्बा सबैन' आणि कुठे 'फसली' आहे. इसवी सन कसा काढायचा?

शकात ७८ मिळवा. पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतची तिथी असेल तर ७९. उदाहरणार्थ फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ ही शिवजन्माची तिथी, १५५१ आणि ७९ मिळून १६३०. फसली सनात (महसुलाच्या वर्षात) ५९० मिळवा, वर्षाच्या उत्तरार्धात ५९१. राज्याभिषेक शक १६७४ पासून मोजतात.

मराठी कागदांतला अरबी शब्दांचा सन म्हणजे शुहूर. तो एकंपासून पुढे वाचायचा. इहिदे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९. सबैन म्हणजे सत्तर, मया शंभर, अलफ हजार. 'अर्बा सबैन व अलफ' म्हणजे १०७४. त्यात ५९९ मिळवले की १६७३, आणि वर्ष मृगाला बदलत असल्याने तो १६७३-७४ चा कागद. पुढच्या जानेवारीपासून मृगापर्यंतच्या तारखेला ६०० मिळवायचे. एक सावधगिरी: शके आणि संवत्सराचं नाव जुळत नसेल तर वाचण्यात कुठेतरी चूक आहे, पुन्हा वाचा.

१५. कागदपत्रं कुठे मिळतात?

तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात फेरफार नोंदी आणि जन्म-मृत्यूची नोंदवही, म्हणजे गाव नमुना १४. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. पटकी, प्लेग आणि १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत वाडीतले किती गेले ते या वहीत ओळीओळीने दिसतं. वाचताना हात थांबतो. भूमी अभिलेख कार्यालयात गावचा नकाशा, टिपणं (मोजणीच्या नोंदी) आणि आकारबंद (क्षेत्र आणि साऱ्याची नोंद). जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका १९५१ पासून आहेत.

त्याआधीचं हवं असेल तर पुण्याचं पुराभिलेखागार, ज्यात पेशवे दप्तर आहे. पुण्यातच भारत इतिहास संशोधक मंडळ, १९१० मध्ये स्थापन झालेलं. इंग्रजांनी १८५२ च्या कायद्याने इनामांची चौकशी केली तेव्हा देवळाच्या दिवाबत्तीसाठी असलेल्या तुकड्यापर्यंत सगळ्यांचे पुरावे मागितले. त्यामुळे ज्या वाडीचं नाव इतिहासात कुठेच नाही तिचाही एखादा इनामाचा कागद निघतो. यातलं बहुतेक मोडी लिपीत आहे. मोडी दोन-तीन महिन्यांत शिकता येते, आणि वाडीतल्या एका मुलीने किंवा मुलाने ती शिकावी असं आम्ही आग्रहाने सांगतो.

१६. आम्ही मराठवाड्यातले. वरचे कागद आमच्याकडे नाहीत म्हणतात.

बरोबर. तुमचा भाग निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे जुने कागद उर्दू-फारसीत आणि सन फसली. जमिनीसाठी १९५४-५५ चं खासरा पाहणीपत्रक हा महत्त्वाचा टप्पा. विदर्भात, जुन्या मध्य प्रांताच्या भागात, निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज पाहा. सरपण कुठून, गुरं कुठे, सार्वजनिक वाट कोणती, मासेमारीचा हक्क कुणाचा, हे त्यांत लिहिलेलं असतं. गावाच्या खुणांची यादी म्हणूनच ते वाचता येतं.

१७. वाडी कुणी वसवली ते कसं कळेल? कुळाची माहिती कुठे?

तीर्थक्षेत्री. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यांकडे गाव आणि आडनावानुसार नामावळ्या असतात. तुमचे पणजोबा अस्थी घेऊन गेले असतील तर सोबत कोण होतं, मूळ गाव कोणतं, हे त्यांच्या सहीनिशी किंवा निशाणीसह मिळू शकतं. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी दारी येऊन वंशावळ वाचतात. ते आले की पाठवून देऊ नका, बसवून ऐका.

बऱ्याच वस्त्यांचं मूळ मात्र फार जुनं नसतं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग सुरू झाला आणि पुढची काही वर्षं तो गावोगाव फिरला. लोक गावठाण सोडून शेतात झोपड्या घालून राहिले. काही परतले, काही तिथेच राहिले. 'प्लेगात गाव फुटलं' असं कुणी म्हणालं तर वाडीचं वय तिथून मोजा.

१८. शिवाजी महाराज आमच्या वाडीत मुक्कामाला होते असं आजोबा सांगायचे. फलकावर लिहू का?

समकालीन कागदाचा किंवा शकावलीतल्या (घटनांच्या सनवार यादीतल्या) नोंदीचा आधार असेल तर अभिमानाने लिहा. नसेल तर 'अशी गावात परंपरेने सांगितली जाणारी आठवण आहे' असं लिहा. महाराजांच्या नावावर प्रेम आहे म्हणूनच ते अंदाजाने वापरू नये.

यात एक नुकसान होतं, ते सांगायलाच हवं. एकदा मोठं नाव लागलं की बाकीचं शोधणं थांबतं. ज्या लोहाराने नाल ठोकले, ज्या माणसाने रात्री वाट दाखवली, ज्या घरातून भाकरी गेल्या, त्यांच्याबद्दल कुणी विचारत नाही. तुमच्या वाडीचा इतिहास तोच आहे.

१९. गावकुसाबाहेरच्या वस्तीबद्दल लिहायचं का? काही जण म्हणतात जुने विषय नकोत.

लिहायचंच. शिवेचे वाद सुटले ते बहुतेकदा महारांच्या साक्षीने, कारण गावची शीव त्यांना ठाऊक असे. वेस उघडणं, सरकारी टपाल पोचवणं, मेलेलं जनावर ओढणं ही कामं ज्यांच्यावर लादली गेली त्यांच्याशिवाय गाव एक दिवस चाललं नसतं. पाणवठे वेगळे होते का, कुठल्या सालापर्यंत, कुणी पहिल्यांदा घागर भरली, हे विचारा. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा. त्यानंतर तुमच्या गावात काय घडलं? हे प्रश्न त्या वस्तीत जाऊन, त्यांच्या अंगणात बसून विचारा. चावडीवर बोलावून विचारू नका.

२०. वस्तीचं नाव बदललं आहे, किंवा गावच धरणात गेलं आहे. मग कोणतं नाव धरायचं?

जातिवाचक वस्त्यांची नावं बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. आज बोलताना-लिहिताना नवंच नाव वापरा. जुनं नाव फक्त कागद शोधण्यापुरतं टिपणात ठेवा, कारण दप्तर त्याच नावाने उघडतं.

धरणात गेलेल्या गावांचं वेगळं. पुनर्वसित गावाला जुनंच नाव असतं, पण खुणा पाण्याखाली. उजनी धरणाचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं तसं तुमच्याकडे काही दिसत असेल, तर त्या चार दिवसांत म्हाताऱ्यांना तिथे घेऊन जा आणि घरं कुठे होती त्याचा नकाशा काढून घ्या.

२१. जीर्णोद्धारात वीरगळ सिमेंटच्या चबुतऱ्यात बसवून ऑइलपेंट द्यायचा विचार आहे.

कृपा करून देऊ नका. रंगाखाली झीज दिसत नाही, दगडाचा ओलावा आत अडकतो आणि काही वर्षांनी पापुद्र्यांसकट कोरीवकाम निघतं. एका गावी देवळाच्या चौकटीवरचा लेख आम्ही जाण्याच्या दोन महिने आधी रंगवला होता, तीन थर. फक्त 'स्वस्ति श्री' एवढं हाताला लागलं. चबुतरा करायचाच तर मातीचा किंवा कोरड्या दगडांचा करा, खालची चौकट गाडली जाणार नाही एवढा उंच. दगड हलवण्याआधी मूळ जागेचा फोटो आणि मोजमाप ठेवा.

केंद्र संरक्षित स्मारक असेल तर १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे आणि पुढच्या २०० मीटरला परवानगी लागते. बहुतेक वाड्यांतलं काहीच संरक्षित नसतं. तिथे राखण ग्रामपंचायतीची आणि तुमची.

२२. शेत नांगरताना नाणी सापडली. काय करायचं?

जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे आणि दहा रुपयांहून जास्त किमतीच्या ठेव्याची खबर देणं बंधनकारक आहे. वाटून घेऊ नका, वितळवू नका, घासून चकचकीत करू नका. १९७४ साली दायमाबादला एका गावकऱ्याला झाडाच्या मुळाशी खणताना ब्राँझची चार शिल्पं मिळाली: रथ हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि म्हैस. ती मोडीत गेली असती तर त्या गावाचं नाव आज इतक्या लोकांनी घेतलं नसतं.

२३. सगळं करूनही वीरगळ कुणाचा ते कळलं नाही. दोन भावक्या तो आपापल्या पूर्वजाचा म्हणतात. फलकावर काय लिहू?

जेवढं माहीत आहे तेवढंच. दोन्ही भावक्यांना मसुदा वाचून दाखवा, दोघांचं म्हणणं दोन ओळींत द्या. नमुना असा:

'वीरगळ. उंची साडेतीन फूट. चौकटी तीन. खालच्या चौकटीत पाच गाई आणि ढाल-तलवार घेतलेला एक माणूस. लेख नाही. पूर्वी ओढ्याकाठच्या विहिरीवर होता, तिथून इथे आणला. हा आपल्या घरातला वीर असल्याचं गावातली दोन घराणी सांगतात. गावची जनावरं राखताना तो मारला गेला असावा. नाव माहीत नाही. दर अमावास्येला गावातून इथे दिवा लावला जातो.'